पाहूनच लिहायचं

संग्रामपूरहून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो आणि दक्षिणेकडे जमीन पूर्णेच्या दिशेनं उतरत जाते. सोनाळा-टुणकीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, विहिरींना गोडं पाणी, संत्र्याच्या बागा. पातुर्ड्याच्या बाजूनं खाली गेलं की खारपाणपट्टा. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. ते पिऊन पिऊन किती घरांतली कर्ती माणसं मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली! वान धरणावरची १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली, ती फार उशिरा.

या दोन पाण्यांच्या मधल्या गावांत माझे काकाजी तलाठी होते. लोकांच्या तोंडी मात्र पटवारीच. पायथ्याकडच्या सज्ज्यात होते तेव्हा संध्याकाळी सायकलला गोड्या पाण्याची कॅन बांधून घरी येत. काकू ते पाणी फक्त डाळीला आणि चहाला वापरायची. मुलांना अभ्यासाला बसवून काकाजी कंदिलाशेजारी दप्तर सोडत, आणि शाई वाळेपर्यंत वहीजवळ कुणाला फिरकू देत नसत.

जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, आम्ही घाटाखाली. मोठे साहेब क्वचितच खाली उतरत. सरकार म्हणजे पटवारी आणि कोतवाल. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती, महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. वर गेली तर काही नाही. चावडीत बसून आकडे भरणारेही पुष्कळ होते. काकाजी धुऱ्याधुऱ्यानं चालत, पऱ्हाटीची बोंडं हातात घेऊन पाहत. "पाह्यल्याबिगर लेहायचं नाई," एवढंच म्हणत.

पण मला त्यांची खरी मोठी गोष्ट वाटते ती वारस नोंदीची. बाप गेला की भाऊ अर्ज घेऊन येत, त्यावर फक्त भावांची नावं. काकाजी विचारत, "बहिणी किती हायेत?" लोकांना राग येई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीलाही वारस केलं होतं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा हक्क मुलाबरोबरीचा झाला, पण तोवर काकाजी निवृत्त झाले होते. कायदा कागदावर होताच. तो गाव नमुना सहाच्या फेरफारात उतरवायला एका माणसाला गावाचा रोष पत्करावा लागतो. नोटीस चावडीवर लागे, हरकतीला पंधरा दिवस मिळत, आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या घरी कुणी चहाला येत नसे. काकू कधी कुरकुरली नाही. या नोकरीतला अर्धा वाटा तिचा होता, असं मी मानतो.

निवृत्तीनंतरही ओट्यावर माणसं येतच राहिली. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. शेतं खरवडून निघाली, कुठे धुरेच वाहून गेले. तेव्हा जुन्या बांधावर चिंच कुठे होती, नाला कुठून वळायचा, हे विचारायला लोक त्यांच्याकडे आले. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांनी करायची, हे ते प्रत्येकाला बजावत. पण आठवेल तेवढं सांगत, आणि नक्की आठवत नसेल तिथे गप्प राहत.

ई-पीक पाहणी २०२१ पासून आली. आता शेतकऱ्यानंच मोबाइलवर पीक नोंदवायचं. पटवाऱ्याचं काम काढून घेतलं म्हणून काकाजी दुखावतील, असं आम्हाला वाटलं होतं. नातीनं त्यांना समजावून सांगितलं, की पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. ते इतके खूश झाले, की तिच्याबरोबर स्वतः वावरात गेले आणि तिला ज्वारीच्या पार मधोमध उभं केलं.

ते गेल्यावर आमच्या शेताच्या वारस नोंदीची नोटीस लागली. काकू, मुलगा, दोन्ही मुली अशी चार नावं. हक्कसोड कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही.