छत्रीचे तोंड

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या गावच्या वेशीपाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहिलेले असतील. हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यातांड्यांची दिवाळी अशीच अर्ध्यावर उठते. फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात, आणि मुकादमाची हाक येते. उचल घेतलेली असते. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायच्या सुमाराला पाचशेक किलोमीटरवर पोचायचे असते. मग एकेका ट्रॉलीत चार-पाच घरांचे संसार चढतात. ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी, अंगावरचे मूल. आणि या साऱ्याच्या वर, दोरीने करकचून बांधलेली, आभाळाकडे तोंड केलेली छत्री. छत्री म्हणजे पावसाची नव्हे, टीव्हीची.

चार वर्षांपूर्वी मी असाच वेशीपाशी उभा होतो. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा आईबापांबरोबर निघाला होता. गावात हंगामी वसतिगृह होते, त्यात त्याने राहावे म्हणून मी परोपरीने सांगून पाहिले होते. पण धाकट्या भावाला कोण सांभाळणार, या प्रश्नापुढे माझे सारे उपदेश लंगडे पडले. दप्तर घरातच खुंटीला राहिले होते. ते पाहून माझा तोल गेला. मी त्याच्या बापाला म्हणालो, “दप्तर विसरलात, पण छत्री नाही विसरलात!”

तो बिचारा ओशाळून म्हणाला, “गुर्जी, दप्तर एका लेकराचं. छत्री समद्या टोळीची.”

मला हे उत्तर उद्धटपणाचे वाटले. मी मास्तर, शिवाय कादंबऱ्या लिहिणारा. त्या रात्री वहीत मी मोठ्या समाधानाने एक वाक्य लिहून ठेवले: ‘दप्तर राहिले आणि छत्री गेली.’ पुढेमागे एखाद्या प्रकरणाचा शेवट त्यावर छान करता येईल, असा माझा हिशेब होता. लेखकाला दुसऱ्याच्या दुःखातून वाक्ये सुचतात, ही त्याची खोड जुनीच आहे.

खरे म्हणजे टीव्हीसाठी केलेल्या धडपडीची टिंगल करायचा अधिकार मला नव्हता. १९८७ साली रामायण सुरू झाले तेव्हा मी अगदी लहान होतो. रविवारी सकाळी वडील पत्र्यावर चढत, आई दारात उभी राही आणि मी आत संचापुढे. वडील वरून विचारीत, “आलं का?” मी आतून ओरडे, “आलं!” आई तेच बाहेर ओरडे, आणि तिचे शब्द वर पोचेपर्यंत राम पुन्हा मुंग्यांच्या वारुळात नाहीसा होई. “गेलं!” त्या ‘आलं-गेलं’मध्ये आमच्या पिढीचे निम्मे रविवार गेले.

त्याच जानेवारीत एका नातलगाच्या लग्नासाठी मला सांगलीकडे जावे लागले. टोळी कृष्णाकाठच्या एका गावाजवळ उतरली असल्याचे कळले होते. मी वाट वाकडी करून संध्याकाळच्या वेळी तिथे गेलो. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या, वाकून आत शिरावे लागणाऱ्या वीस-पंचवीस कोप्या. आदल्याच दिवशी त्यांनी जागा बदलली होती. माणसे फडातून नुकतीच परतत होती. बायांच्या डोक्यांवर वाढ्यांचे भारे होते. आणि माझा विद्यार्थी दोन विटांमध्ये लोखंडी नळी उभी करून तिच्या पायाशी दगड रचत बसला होता. मला पाहताच तो चटकन उभा राहिला. वर्गात उभा राही तसाच.

“बस, बस. चालू दे तुझे काम,” मी म्हणालो.

त्याने छत्री नळीवर बसवली आणि ती हळूहळू आडवी फिरवू लागला. आत कोपीत त्याची आई पडद्यापुढे बसली होती. पडद्यावर चित्र नव्हते, नुसता एक पट्टा होता. तो भरत आला की ती ओरडे, “आलं!” पुढच्या क्षणी, “गेलं रे!” मला हसू आले. मधे इतकी वर्षे गेली, पण संवाद तोच होता.

“तोंड कुठल्या दिशेला करायचे हे तुला कसे कळते?” मी विचारले.

तो सहज म्हणाला, “गुर्जी, आपली पहिली घंटा व्हायच्या टायमाला ऊन जिकडून येतं ना, त्या अंगाला. मंग जरा इकडं-तिकडं करून बघायचं.”

मी काही बोललो नाही. त्या वेळी, म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाला, तो कुठे असतो हे मला ठाऊक होते. पहाटे चारला आईबापांबरोबर उठून, उसाच्या सरीत धाकट्याला कडेवर घेऊन तो उभा असतो. तिथून तो सूर्याकडे पाहतो आणि मनाशी म्हणतो, आता घंटा झाली असेल.

“आणि खाली-वर?”

“त्यो नट सोडायचाच नाही. गावात जसा कसला, तसाच इथं चालतो. निस्तं आडवं फिरवायचं.”

मी घरी आल्यावर हे ताडून पाहिले. माझा भूगोल दहावीपुरताच. पण जाणत्यांकडून समजून घेतले. ज्या उपग्रहावरून दूरदर्शनची मोफत वाहिनीसेवा उतरते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी एक फेरा घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरा घेतो. म्हणून आपल्याला तो आभाळात खिळा ठोकल्यासारखा एका जागी वाटतो. ही युक्ती आर्थर क्लार्कने १९४५ सालीच लिहून ठेवली होती. आपल्याकडे १९७५ साली सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला, तेव्हाच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. चांगल्या दहा फूट रुंद! आता त्या पत्र्याच्या आणि हातात मावतील एवढ्या झाल्या.

हिंगोलीहून हा उपग्रह उत्तरेपासून सुमारे १३९ अंशांवर दिसायला हवा, म्हणजे आग्नेयेला. कृष्णाकाठाहून तो सुमारे १३० अंशांवर. उंची मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, साठ अंश. त्या पोराचा ‘नट सोडायचाच नाही’ हा नियम अचूक होता! पाचशे किलोमीटरच्या प्रवासात फरक पडतो तो या आडव्या नऊ अंशांचा. पण तेवढे फिरवले नाही, तर पडदा काळाच राहतो. गंमत म्हणजे, छत्री पाहते एकीकडे आणि तिचे लक्ष असते दुसरीकडे. वाटते की ती समोरच्या लिंबाच्या झाडाकडे टक लावून आहे. पण तिची नजर असते त्याच्या कितीतरी वर. वर्गातली काही मुले अशीच असतात.

आणखी एक गोष्ट कळली. जीसॅट-१५ नावाचा हा उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून आभाळात गेला, तो दिवस ११ नोव्हेंबर २०१५ हा होता. आपल्याकडे तेव्हा लक्ष्मीपूजनाची पहाट होती. त्या पहाटे आम्ही दारात पणत्या लावण्याच्या तयारीत होतो, आणि तिकडे ऊसतोड्यांच्या कोपीसाठीही एक दिवा वर चढत होता.

“आलं! आता हलवू नगं!” आईने आतून हाक दिली. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा तो लहानसा टीव्ही बोलू लागला. आजूबाजूच्या कोप्यांतून पोरे धावत आली आणि ओळीने बसली. त्या माउलीने भाकरी थापता थापता पोरांवरून नजर फिरवली. ती चित्र पाहत नव्हती. डोकी मोजत होती.

“याच्यासाठी आणतो बघा, गुर्जी,” ती म्हणाली. “अंधारात लेकरं उसाकडं जातात, हिरीकडं जातात. इंचूकाटा असतो. ह्ये लावलं की एका जागी बसतात. अन् गावाकडं आत्याबाई याच येळेला हीच मालिका बघायल्यात. म्हातारी एकटीच हाय. सकाळी फोनवर बोलायला काहीतरी होतं. न्हाई तर रोज काय बोलावं? ऊस तोडला, मोळ्या बांधल्या.”

दहा मिनिटांत चुलीपाशी बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. मध्यरात्री गाडी भरायला उठायचे होते. थोड्या वेळाने मुलाने हलकेच टीव्ही बंद केला. बॅटरी उद्याला पुरायला हवी होती.

अमेरिकेत चाकांवरची घरे घेऊन हौसेने रानात जाऊन राहणारे लोक आहेत, असे मी वाचले आहे. त्यांच्या छपरावरची छत्री म्हणे बटण दाबताच आपली आपण उपग्रह हुडकते. असेलही. हौसेच्या घराला आणि गरजेच्या घराला टीव्ही पाहावासा वाटतो, एवढेच दोघांत सारखे.

परतीच्या गाडीत मला औंढ्याचे देऊळ आठवत राहिले. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यातला, आणि नामदेवांची नर्सीही आमचीच. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, तर त्यांना समोरून उठवून देवळाच्या मागे पाठवले. आणि ते तिथे गाऊ लागताच देवळानेच आपले तोंड त्यांच्याकडे फिरवले, अशी कथा आहे. देवळाच्या पाठीमागे असलेला नंदी भाविक आजही त्याची खूण म्हणून दाखवतात. लहानपणापासून ही कथा मी ऐकत आलो, मुलांना सांगत आलो. पण आपली शाळाही एक देऊळच आहे, असे भाषणात म्हणताना तिचे तोंड कुठे आहे, हे मी कधी पाहिले नव्हते. त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी दर वर्षी छत्री नऊ अंश फिरवून आभाळ गाठले. आणि मी? मी हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे रोज लाल शाईने गैरहजेरी मांडत होतो. तो कुठे आहे हे ठाऊक असून!

घरी आल्यावर मी वहीतले ते वाक्य खोडले. त्याच्या शिक्षणाची इयत्ता, वाचन, गणित, सारे एका कागदावर लिहिले आणि त्यांच्या तळाजवळच्या शाळेतल्या मास्तरांना पत्र घातले. त्यांनी मुलाला वर्गात बसवून घेतले. रोज नाही, धाकटा बरोबर असला तर दोघांनाही. त्या हंगामात तो मोजून एकवीस दिवस शाळेत गेला. एकवीस दिवस काही फार नव्हेत. पण आधीच्या वर्षी त्या ठिकाणी शून्य होते.

तेव्हापासून दिवाळीनंतर ट्रॅक्टर आले की मी वेशीवर जातो. उपदेश करीत नाही. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती कागद देतो, दप्तर चढले की नाही ते पाहतो, आणि मग छत्रीची दोरी नीट बांधली आहे ना, हेही पाहतो.

सकाळी पहिली घंटा होते. मुले रांगेत उभी राहतात. आणि माझी नजर नकळत आग्नेयेकडे, कोवळ्या उन्हाकडे जाते. त्या वेळी दूर कृष्णाकाठी, उसाच्या सरीत उभे राहून कोणीतरी त्याच उन्हाकडे पाहत असेल.