न मोजलेले चार किलोमीटर

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे आम्ही फिरते घर केले आणि कोकणातल्या रस्त्यांसाठी २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर चढविले. व्यास ३० मिलिमीटरने वाढला. घर मात्र १५च मिलिमीटर उचलले गेले. (मराठीच्या प्राध्यापकांचे गणित!) आता मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. मिस्तरींनी विचारले, ‘‘सर, पाणी भरून, माणसे बसवून वजन केलेत का?’’ टायरच्या कडेवर भारक्षमतेचा आकडा कोरलेला असतो. शब्दन् शब्द वाचायला शिकविणाऱ्या आम्ही तो वाचलाच नव्हता. त्यातच स्टिअरिंग पूर्ण वळविताच पुढचे चाक मडगार्डला घासले. वजनकाट्यावर जाऊन येईपर्यंत पाण्याची टाकी आम्ही रिकामीच ठेवली आहे.