साधीच हवा होती

मागच्या मे महिन्यात दुपारी एक गाडी टोइंगवाल्यानं माझ्या दुकानासमोर आणून सोडली. चारही व्हॉल्व्हवर नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या, आणि मागचा डावा टायर फुटलेला. टायर मशीनवर उतरवून आतून हात फिरवला, तर बोटं काळी झाली. बुक्क्यासारखी रबराची पूड मूठभर निघाली. साइडवॉलवर आतल्या बाजूनं गोल घासल्याचा पट्टा होता. ही पूड दिसली की मला काही विचारावं लागत नाही. टायर कमी हवेवर बराच वेळ पळालेला असतो. बाजू सारखी दुमडते, रबर तापतं, आतले धागे सुटतात आणि मग टायर फुटतो.

उरलेले तीन टायर मोजले: २४, २३, २६. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं होतं.

"डॅशबोर्डवर दिवा लागला होता हो," गाडीवाले म्हणाले, "पण पंपावर साधीच हवा होती. मिसळली तर खराब होते ना?"

मागच्या सीटवर त्यांची दोन मुलं बसली होती. गाडी सरळ थांबली म्हणून निभावलं. त्या वाक्यानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितोय.

छत्रपती संभाजीनगरात मी सव्वीस वर्षं टायरचं काम करतो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि सावंगीहून वर चढणारी माणसं आधी नायट्रोजन मागू लागली. माझ्याकडे यंत्र आहे, मी भरून देतो. वायू चांगलाच आहे. पण आपण श्वास घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. साध्या हवेनं तो बाटत नाही.

ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो, हे खरं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सनं ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या ३० पौंडांवर भरून वर्षभर ठेवल्या आणि २००७ साली निकाल छापला. साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पौंड उतरले, नायट्रोजनचे २.२. म्हणजे वर्षाला १.३ पौंडांचा फरक. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची हवा जाते ती बहुतेक व्हॉल्व्हच्या पिनेतून, रिमच्या गंजलेल्या कडेतून, नाहीतर बारीक खिळ्यातून. तिथून दोन्ही वायू सारखेच निसटतात.

शिवाय टायरात नेमका किती नायट्रोजन जातो? रिकामा केलेला टायरही रिकामा नसतो, बाहेरच्या दाबाइतकी हवा आत राहतेच. तिच्यावर अगदी शंभर टक्के शुद्ध नायट्रोजन ३२ पौंडांपर्यंत भरला, तरी आत साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो. तो घालवायला दोन-तीनदा भरून सोडावं लागतं. दुकानात गर्दी असली की इतका वेळ कोण देतो?

'नायट्रोजननं टायर तापत नाही' ही समजूत तर पुसूनच टाकायला हवी. २५ अंशांना ३२ पौंड भरलेला टायर ६५ अंशांवर गेला की ३८ च्या पुढे जाणार, आत कोणताही वायू असो. फरक पडतो तो ओलाव्यानं. पावसाळ्यात सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला की गढूळ पाणी फुर्रकन बाहेर येतं. टाकीतलं पाणी रोज काढलं नाही, तर तेच वाफ होऊन तुमच्या टायरात जातं आणि दाब वरखाली करतं. नायट्रोजन कोरडा असतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांत त्याला मान आहे.

विमानात मात्र तडजोड नाही. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकानाचं बोइंग ७२७ पडलं, १६७ माणसं गेली. तापलेल्या ब्रेकजवळचा टायर हवेत फुटला होता, आणि त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. आज मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन पाच टक्क्यांवर चालत नाही. पण तुमच्या गाडीचे ब्रेक त्या विमानाइतके तापत नाहीत.

दिवाळीला गावी निघताना टायर थंड असताना, सकाळीच, स्टिकरवरचा आकडा बघून हवा मोजा. साइडवॉलवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. तेही वाचा. वाटेत दिवा लागला, तर समोर जी हवा मिळेल ती भरा.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, स्टेपनी असताना टोइंग कशाला? त्यांनी डिकी उघडून दाखवली. स्टेपनीच्या व्हॉल्व्हवरही हिरवी टोपी होती. गेज लावलं, ११ दाखवलं. मी साधी हवा मारून ३३ केली आणि ते गेज त्यांनाच ठेवून घ्यायला सांगितलं.