मंगल ज्यांनी घडवला

चि. मनूस,


तुझं पाकीट मिळालं. दादांच्या कवितांची वही पुन्हापुन्हा उघडून पाहिली. शिवण बारीक आणि सरळ आली आहे, कागदही चांगला निवडलास. पण सोबतच्या चिठ्ठीतलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. लिहितेस, ‘सध्या मंगलमध्येच टाकलंय, पण तो कुणा कलाकारानं केलेला वाटतच नाही, इंजिनिअरनं उरकलेला वाटतो. दुसरा फॉन्ट सुचव.’ सुचवीन. आधी हे शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे.

मंगल र. कृ. जोशींनी केला. एवढं डिझाइन शिकलीस, त्या अक्षरांत रोज टाइप करतेस आणि त्यांच्या कर्त्याचं नाव तुझ्या कानावर पडलं नाही, याचा राग तुझ्यावर कमी, तुझ्या शिक्षकांवर जास्त आहे. आता तूच शिकवायला उभी राहणार आहेस, म्हणून जिवाला जास्तच लागून राहिलं आहे.

जोशी 1936 सालचे. जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक झाले. जाहिरातीत जम बसलेला माणूस सहसा तिथून हलत नाही. हे 1983 साली पवईला, आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीत, प्राध्यापक म्हणून गेले आणि 1996 पर्यंत तिथेच शिकवत राहिले. सुलेखनकार म्हणून मोठं नाव, शिवाय कवी. अक्षराच्या आकारातूनच अर्थ दिसावा, अशा कविता ते करत. तू वहीत अक्षरं पानभर उधळली आहेस ना, ती वाट तुझ्या जन्माआधीची आहे. मात्र उधळलेलं अक्षरही वाचता आलं पाहिजे. तू मांडलेल्या ‘पाऊस’ कवितेच्या एका ओळीतला ऊ मला भिंग घेऊनही सापडला नाही. दादांनी ती ओळ किती वेळा खोडून लिहिली होती, ते तुझ्या आईला विचार.

आता त्या ‘उरकलेल्या’ फॉन्टबद्दल. मंगल आला विंडोज 2000 बरोबर. तेव्हाच्या पडद्यावर 12 पॉइंटच्या अक्षराला साधारण 16 ठिपक्यांची उंची मिळायची. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. आपला ‘मूर्तींच्या’ हा एकच शब्द घे. म-खाली दीर्घ ऊकार. त-वर वेलांटी, तिच्या माथ्यावर रफार, रफाराला खेटून अनुस्वार. पुढे अर्धा च. मधून शिरोरेषा जाणार, तिला निदान एक ठिपका द्यायलाच हवा. उरलेल्या ठिपक्यांत अक्षराचं पोट मोकळं ठेवायचं, नाहीतर म-चा भ दिसतो, घ-चा ध. अनुस्वार रफारात बुडाला, तर अनेक मूर्तींची एकच मूर्ती होते. जन्मभर मुद्रितं तपासली आहेत मी. तो एक ठिपका जागेवर राहावा म्हणून काय करावं लागतं, ते मला कळतं.

सुलेखनात एवढी मुशाफिरी केलेल्या माणसानं इथे आपला ब्रश बाजूला ठेवला. मंगलमध्ये फराटा नाही, जाड-बारीक रेषेची मिजास नाही. वाचणारा अडखळू नये, एवढ्यासाठी स्वतःच्या हाताची ओळख त्यांनी पुसून टाकली. याला तू कलेचा अभाव म्हणतेस. मला यापेक्षा मोठी कला माहीत नाही. पुस्तक करणाऱ्यानं तर हे सगळ्यात आधी शिकायला हवं. तुझ्या वहीत मला तू पानोपानी दिसलीस, दादा कमी दिसले. रागावू नकोस, पण दादांच्या पुस्तकात तरी हे चालणार नाही.

आणि इंजिनिअरांच्या नावानं नाक मुरडू नकोस. आयडीसीतून निवृत्त झाल्यावर, साठीनंतर, जोशींनी जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत संगणकवाल्यांच्या शेजारी बसून हे काम केलं. मंगलला विनय सायनेकरांचा हात लागला आहे. तमिळचा लता, गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा, हे सगळे त्याच घरातले. त्याआधी काय अवस्था होती, ती तू पाहिलेली नाहीस. एकाकडे श्रीलिपीचा फॉन्ट, दुसऱ्याकडे शिवाजी, तिसऱ्याकडे आणखी काही. एकाची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांचा उकिरडा. अशी पानंच्या पानं पुन्हा टाइप करून घेतली आहेत आम्ही. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक दिला आणि मंगल त्यावर चालतो, म्हणून ते थांबलं. आज कचेऱ्यांतून ‘मजकूर मंगलमध्ये पाठवा’ असं म्हणतात, तेव्हा त्यांना युनिकोड म्हणायचं असतं. एवढं ते नाव अंगवळणी पडलं आहे.

खिळ्यांच्या काळातही हीच लढाई होती. आपल्या शनिवार पेठेतल्या छापखान्यात वेलांटीचा पुढे आलेला भाग छपाई चालू असताना झडायचा आणि निम्म्या प्रतींत ‘की’चा ‘का’ व्हायचा. दादांच्या पहिल्या संग्रहाच्या वेळी तेच झालं. मग ते रात्रभर प्रती घेऊन कसे बसले, ते मी तुला पुन्हा सांगत नाही. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर 1971 साली तीन खंडांचा ग्रंथ काढला, त्यात या साऱ्या अडचणी मांडल्या आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात तो नसेल, तर मागवायला लाव.

तुझ्या हाताची मला काळजी वाटते. तू बोरू शेवटचा कधी धरलास? नोकरीत थेट सॉफ्टवेअरवर शिकवणार म्हणतेस. मुलांना तिरकी काप कळली नाही, कुठे दाब वाढतो आणि कुठे उचलायचा हे मनगटाला माहीत नसलं, तर पडद्यावर ती काय ओढणार? जोशींनी बोरू आधी आणि संगणक नंतर धरला, म्हणून संगणक त्यांचं ऐकत होता. आणि रात्री उशिरापर्यंत जागून बारीक शिवण घालू नकोस. तुझ्या आईचे डोळे याच वयात अधू झाले.

जोशी अखेरपर्यंत थांबले नाहीत. वेदांतले स्वरभेद दाखवणारी चिन्हं युनिकोडमध्ये यावीत, यासाठी ते झटत होते. फेब्रुवारी 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये आला 2009 साली.

आता तुझा प्रश्न. मंगल पडद्यासाठी घडवलेला आहे, दादांच्या पुस्तकाला तो नको. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ बघ, किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’. तिरोचा मराठीसाठी वेगळा अवतार आहे, चुकून हिंदीचा उतरवून घेऊ नकोस, ल आणि श बदलतील. दोन्हींत एकच कविता 12 पॉइंटमध्ये छाप, तुझ्याच कागदावर, आणि दिवसाच्या उजेडात आईला मोठ्यानं वाचायला लाव. ती जिथे अडखळेल, तिथे खूण कर.

नोकरी घे. ‘दुसरं बरं मिळेपर्यंत’ म्हणून घेणार असशील, तर मात्र घेऊ नकोस. पहिल्या तासाला संगणक बंद ठेव, मुलांना र. कृ. जोशींचं नाव सांग आणि ‘मूर्तींच्या’ हा शब्द बोरूनं लिहून घे. आणि वहीची दुसरी प्रत शिवण्याआधी मुद्रितं माझ्याकडे पाठव.

तुझी,
आत्या