सुटी घोडी

गेल्या वर्षी आषाढात कोरेगाव भीमाच्या आमच्या घरी एक लांबट खोके येऊन पडले. आत पातळ फळ्या, वाकवून ठेवलेल्या दोन कडा, एक दांडी, आठ खुंट्या आणि एक इंग्रजी नकाशा. "बाबा, हे ऑक्टेव्ह मॅंडोलिन आहे. घरी जोडायचे असते," चिरंजीव म्हणाले. आम्हांला मात्र ते मोडकळीस आलेले कपाट वाटले.

चिरंजीवांची सणसवाडीच्या एका कारखान्यातील नोकरी वैशाखात सुटली होती. घरात बोलणे जेवणापुरतेच उरले होते. अशा दिवसांत शिलकीतून हा खेळ मागवावा, हे आमच्या हिशेबी मनाला रुचले नाही. तसे आम्ही बोलूनही दाखविले. खोके मुकाट्याने माळ्यावर गेले. आठ दिवस त्या माळ्याकडे पाहून अखेरीस आम्हीच ते खाली काढले व म्हणालो, "चल, दोघे मिळून करू."

मॅंडोलिन वाचकांना अपरिचित नाही. तारांच्या चार जोड्या, व्हायोलिनसारखीच स्वररचना. सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी तर या चिमुकल्या वाद्यावर रागसंगीत वाजविले. साध्या मॅंडोलिनची तार सुमारे चौदा इंच. आमच्या वाद्याची वीस इंच. त्यामुळे त्याचा स्वर एक सप्तक खाली, माणसाच्या गळ्याजवळ येतो. चर्चच्या गायकवृंदात आमच्या कन्येचा आवाज खर्जातला. तिच्यासाठीच हे वाद्य, हे आम्हांला फार उशिरा कळले.

भीमाकाठची पावसाळी हवा दमट. पातळ लाकूड ती पिऊन फुगते. म्हणून जुन्या कपाटात विजेचा दिवा लावून सारे भाग त्यात वाळत ठेवले. तबलीच्या आतून आडपट्ट्या बसविल्या. कडा चिकटवताना शिकंजे कमी पडले, तेव्हा कपडे वाळत घालण्याचे चिमटे कामी आले. शिसवीच्या पट्टीवर पडदे ठोकले. महिनाभरात वाद्याला आकार आला आणि चिरंजीवांच्या ओठांवर शब्द.

उरली घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी. एके दुपारी चिरंजीव बाहेर गेले असता आम्ही नकाशा न वाचताच वीस इंच मोजले आणि फेव्हिकॉल लावून ती पक्की करून टाकली. तेवढाच मुलाला हातभार!

तारा चढल्या. मोकळी तार सुरेल. पण बाराव्या पडद्यावर बोट ठेवताच स्वर चढा. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे पुन्हा सुरू झाले, हेच आम्हांला अधिक लागले.

दोघे वाद्य घेऊन मिरजेस गेलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तेथे एकोणिसाव्या शतकात सतारी घडविण्यास प्रारंभ केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका वृद्ध कारागिराने तार छेडली, घोडीवरून अंगठा फिरविला आणि विचारले, "चिकटवली व्हय? हिला मोकळी सोडायची. तारांच्या दाबानं ती आपली आपण उभी ऱ्हाते. जागा टेपानं न्हाई, कानानं शोधायची."

कारण साधे होते. पडद्यावर दाबताना तार ताणली जाते, म्हणून स्वर किंचित चढतो. तेवढ्यासाठी घोडी मापाहून थोडी मागे हवी, आणि जाड तारेसाठी अधिक मागे. परतीच्या गाडीत त्या वाक्याचा दुसरा अर्थही आम्हांला लागला. चिरंजीवांचे शिक्षण, नोकरी, सारेच आम्ही टेपाने मोजून चिकटविले होते.

"चूक आमची," आम्ही म्हणालो. ते हसले. "निघेल, बाबा."

गरम सुरीने घोडी निघाली. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एक होईपर्यंत चिरंजीव तिला केसाकेसाने सरकवीत राहिले. आम्ही हात मागे बांधून बसलो.

नाताळच्या मिस्सेत कन्या गायिली, भावाने साथ केली. तबलीवर फेव्हिकॉलचा डाग अजून आहे. घोडी मात्र सुटीच आहे. हवा बदलली की ती थोडी सरकवावी लागते. "बाबा, ऐका बरे, जुळले का?" असे चिरंजीव विचारतात. आम्ही ऐकतो.