दोन मिनिटे आणि दीडशे वर्षे

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन शेजारी बेटे आहेत. त्यांच्यामधला विमानप्रवास जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास म्हणून ओळखला जातो. हवाई अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकातील अवधी दोन मिनिटे; वारा अनुकूल असेल तर विमान मिनिटभराच्या आतही उतरते. १९६७ पासून ही सेवा चालू आहे. पर्यटकांना तिच्यातील विक्रमाचे अप्रूप. पापा वेस्ट्रेची वस्ती मात्र शंभराच्या आतली. तिथल्या माणसांच्या दृष्टीने हे छोटे विमान म्हणजे शिक्षकाने, डॉक्टरने बेटावर पोचण्याचे आणि रुग्णाने बेटाबाहेर पडण्याचे साधन.

या आकड्यांकडे माझे लक्ष वळले ते एडविन म्यूरमुळे. म्यूर ऑर्कनीचा. त्याचा जन्म १८८७चा, बालपण तिथल्याच शेतांवर गेलेले. १९०१ साली त्याचे कुटुंब शेती सोडून ग्लासगोला गेले. पुढे या स्थलांतराविषयी लिहिताना त्याने एक विलक्षण हिशेब मांडला. आपण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या जगात जन्मलो, ग्लासगोचा प्रवास दोन दिवसांचा, पण तेवढ्यात आपल्या आयुष्यातील दीडशे वर्षे जळून गेली, असे त्याला वाटे. हा केवळ कविकल्पनेचा खेळ नव्हता. ग्लासगोत आल्यावर अवघ्या काही वर्षांत त्याचे आईवडील आणि दोन भाऊ दगावले.

आपल्याकडे म्यूर परिचित आहे तो बहुधा काफ्काचा अनुवादक म्हणून. पत्नी विला हिच्यासह त्याने केलेला ‘द कासल’चा इंग्रजी अनुवाद १९३० साली प्रसिद्ध झाला. त्या कादंबरीचा नायक मोजणीदार आहे, म्हणजे अंतरे मोजणे हाच त्याचा पेशा. किल्ला समोर दिसतो; रस्ता तिकडे जातोसे वाटते आणि वळतो. म्यूरचे चरित्र ठाऊक झाल्यापासून मला तो अनुवाद निराळा वाटतो. जवळ दिसणारे ठिकाण किती दूर असू शकते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अंतराचे कोष्टक दोन धावपट्ट्यांमधले अंतर सांगते. प्रवासी किती दूर आला, हे त्यात मावत नाही. आमच्या एम.ए.च्या वर्गात सातपुड्यातल्या पाड्यांवरून मुले येतात. एसटीचा प्रवास एका दिवसाचा. पण घरी पावरी बोलणारा मुलगा पहिल्या तासाला प्रमाण मराठीतील समीक्षेचा उतारा समोर घेऊन बसतो, तेव्हा तो किती वर्षे ओलांडून आलेला असतो? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गावाचे नाव असते. पहिल्या आठवड्यात मी आता प्रत्येकाला आपल्या घरच्या बोलीत एक पानभर लिहायला सांगतो. अंतर त्याने कमी होत नाही; निदान ते कुठून मोजायचे, एवढे कळते.