उरलेली सुई

आईच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर चार-पाच बारीक छिद्रे, एवढेच. पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुटलीस बाई! आता हलू नकोस, पडून राहा."

डॉक्टरांनी मला नेमके उलटे सांगितले होते. जखम लहान म्हणून धोका लहान नसतो. कर्करोगात रक्त लवकर गोठू लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट वायूने फुगवतात. त्या दाबाने पायांकडून वर येणारे रक्त मंदावते. पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. म्हणून रोज चालायचे आणि एकूण २८ दिवस रोज हेपारिनच्या जातीचे एक इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली द्यायचे.

एक आठवडा का पुरत नाही, तेही मी वाचून काढले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दुर्बिणीतून अशीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. आठवडाभरच इंजेक्शन घेतलेल्या ११३ जणांपैकी ११ जणांना गुठळ्या सापडल्या. चार आठवडे घेणाऱ्या ११२ जणांत, चौथ्या आठवड्याअखेर, एकालाही नाही.

घरात कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून सुई माझ्या हाती आली. घरी २३ सुया आणल्या. नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे कातडीची चिमट धरायची, सुई सरळ टोचायची, नंतर चोळायचे नाही. पहिल्या रात्री माझाच हात थरथरला. दिलेल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करीत गेलो.

स्नेहसंमेलनाच्या तालमीमुळे एका रात्री फार उशीर झाला. आई झोपली होती. तिला उठवायचे जिवावर आले. सकाळी कॅलेंडरवर मात्र मी खूण करून टाकली. आई आता चालते-फिरते, एका दिवसाने काय होते, अशी मनाची समजूत घातली.

शेवटच्या दिवशी सगळ्या खुणा पूर्ण झाल्या आणि डब्यात एक सुई उरली. मी डबा झाकू लागलो. आईला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "खुणा तू करत होतास, सुया मी मोजत होते. त्या रात्री तू दमला होतास, म्हणून बोलले नाही. सकाळी अंगणात दोन फेऱ्या जास्त मारल्या."

तिच्या पायाला सूज आली नाही, हे आमचे नशीब. अभ्यासातले आकडे मला पाठ होते. मोजणी मात्र आईनेच नीट केली.